तव्याला साबण

अक्काच्या हातचा मार खाल्ला नाही असा एकही ड्रायव्हर त्या बस डेपोत नव्हता. आणि मार खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याच गाडीवर आला नाही, असाही एक नव्हता.

डेपोच्या गेटासमोर, विजेच्या खांबाला लागून, तिची हातगाडी बावीस वर्षं उभी होती. गाडीवर एक स्टोव्ह, एक तवा, एक उलथनं आणि पदार्थ एकच, अंडं-ब्रेड. उलथनं दोन कामांना यायचं. त्यातलं अंडं उलटण्याचं काम दुय्यम. एका कंडक्टरने एकदा काटा-चमचा मागितला, तर त्याच्या मनगटावर उलथन्याचा असा फटका बसला की आठवडाभर तो डाव्या हाताने तिकिटं फाडत होता. एका कारकुनाने अर्धं खाऊन अर्धं टाकलं. अक्काने त्याला तिकीट खिडकीपर्यंत पळत गाठलं, जबडा दाबून तोंड उघडलं आणि उरलेलं अर्धं आत कोंबलं. नव्या इन्स्पेक्टरने ऐटीत विचारलं, "तेल कुठलं वापरता बाई?" त्याला उत्तर मिळालं नाही, पण त्याची टोपी दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून परत मिळाली.

तोंडावर सगळे तिला अक्का म्हणत आणि पाठ फिरली की रणगाडा. हे नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

खाण्याच्या बाबतीत अक्काइतकी नखरेल बाई पंचतारांकित हॉटेलातही सापडली नसती. तिच्या मते माणसाने उभं राहून, गरम, बोटांनी आणि न बोलता खावं. बसून खाणारे आजारी, काट्याने खाणारे लबाड, पाकीट फोडून खाणारे उंदीर. आणि सॉस घालून खाणारे? त्यांच्यासाठी तिच्याकडे शब्द नव्हता, फक्त उलथनं होतं.

हे सगळं तिला बापाने शिकवलं होतं, किंवा बापाच्या डावाने म्हणा. बाप एका गिरणीच्या खानावळीत आचारी. भाऊ दहा वर्षांचा आणि ती आठची असल्यापासून दोघं त्याच्या हाताखाली अंडी तळत. अंडं फाटलं की बोटांच्या पेरांवर डाव बसायचा, आणि तो डावही उकळत्या डाळीतून नुकताच काढलेला. "फाटलेलं अंडं माणसापुढे ठेवायचं नाही. कुत्र्यापुढे ठेवायचं आणि त्याचीही माफी मागायची," असं बाप म्हणायचा. भावाचा एक कान त्या शिक्षणात थोडा बहिरा झाला. अक्काच्या उजव्या हाताची दोन पेरं कायमची जाड राहिली. पण पुढे आयुष्यात दोघांपैकी कोणीही गिऱ्हाइकाला फाटलेलं अंडं दिलं नाही.

भाऊ मोठा होऊन मोठ्या हॉटेलात शिरला आणि चढत चढत मुख्य आचारी झाला. पांढरी उंच टोपी, पांढरा कोट, नखं बायकांपेक्षा स्वच्छ. हॉटेलात कोणी घरची चौकशी केली तर सांगायचा, "बहीण खाद्यव्यवसायात आहे." बाप गेला त्या दिवशी, घरात माणसं जमलेली असताना, तो म्हणाला, "बरं झालं, वेळेवर गेले. मुलगी गटाराच्या काठाला अंडी विकते हे जास्त दिवस बघावं लागलं नाही." अक्काच्या हाताशी पातेल्याचं झाकण होतं. तेव्हापासून भावाचं नाक जरा डावीकडे बघतं, आणि अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते.

आता तव्याविषयी. तो अक्काच्या लग्नाच्याही आधीचा. बसच्या स्टिअरिंगएवढा, ओतीव लोखंडाचा. त्याला पाणी लागायचं ते फक्त शिंतोड्यापुरतं. साबण तर त्याने जन्मात पाहिला नव्हता. रोज काम संपलं की जाड मीठ टाकून अर्ध्या कांद्याने घासायचा, फडक्याने पुसायचा, वर तेलाचा हात फिरवायचा आणि मंद आचेवर तापवून ठेवायचा. अशी बावीस वर्षांची काळी कातडी त्याच्यावर चढली होती. तिच्यावर अंडं ओतलं की ते बर्फावर घसरल्यासारखं फिरायचं. अक्का आंधळी झाली असती तरी तिच्या हातून अंडं फाटलं नसतं. फुशारकी तिची असली तरी निम्मी करामत तव्याची होती.

समोरच्या फुटपाथवर दोन वर्षांपूर्वी एक रोलवाला आला. चकचकीत स्टीलची गाडी, लोखंडी झडप, लाल दिवा आणि काचेच्या मोठ्या बाटलीत लालभडक सॉस. आत काहीही गुंडाळो, वरून सॉसची धार. त्याचं नाव लगेच सॉसशेठ पडलं. माणूस गोडबोल्या, हसताना सगळे दात दाखवणारा. अक्काची जागा त्याला हवी होती, कारण गेट तिच्या बाजूला होतं.

आणि फुटपाथला कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, तो गेटावरच्या वॉचमनकाकांच्या डोक्यात होता. लागोपाठ तीन दिवस डेपोचा बाराचा भोंगा वाजेपर्यंत ज्याच्या चुलीवरचं शिजवलेलं काहीच विकलं गेलं नाही, त्याची जागा गेली. मग जो आधी चूल पेटवून उभा राहील त्याची. आजारपण, लग्न, मयत, कशालाही सूट नाही. वॉचमनकाकांनी या कायद्याने स्वतःच्या साडूची जागा घालवली होती, त्यामुळे त्यांच्या शब्दाला मान होता.

एका सोमवारी सकाळी लांब पल्ल्याची गाडी चालवणारा ड्रायव्हर, ज्याला सगळे लांबरूट म्हणत, तो अक्काच्या गाडीवर आला. त्याने अंडं-ब्रेड घेतलं, खिशातून एक पुडी काढली, दाताने फोडली आणि त्यावर सॉस पिळला.

रांगेतले दोघं हळूच एक पाऊल मागे सरकले.

"हे काय?" अक्का म्हणाली.

"सॉसशेठ फुकट वाटतोय, अक्का. म्हटलं, बघू तरी."

"सगळ्यांना वाटतोय?"

"फक्त तुझ्या गिऱ्हाइकांना."

अक्काने लांबरूटला काही केलं नाही. यावरूनच लोकांनी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. तिने रस्ता ओलांडला, सॉसशेठच्या गाडीखाली खांदा घातला आणि गाडी उलथवायला सुरुवात केली. रोल रस्त्यावर, कांदा गटारात, दिवा फुटला. सॉसशेठ ओरडत होता, "अक्का, समजुतीनं घ्या ना!" आणि हे म्हणता म्हणताच त्याने वरची लोखंडी झडप सोडली. अक्काचा उजवा हात काठावर होता.

कोरडी फांदी मोडावी तसा आवाज झाला. लांबरूटने तो रस्त्याच्या अलीकडे ऐकला. अक्का ओरडली नाही. तिने डाव्या हाताने झडप उचलली, मोडलेला हात बाहेर काढला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि डाव्याच हाताने सॉसशेठच्या थोबाडात अशी ठेवून दिली की त्याच्या दातांच्या प्रदर्शनातले दोन नमुने कमी झाले. मग ती स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेली. मनगट आणि दोन बोटं. कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे.

मंगळवार बंद गेला.

बुधवारी तिच्या नवऱ्याने हिंमत केली. हा डेपोत बसच्या सीटची कव्हरं शिवायचा. अत्यंत सालस माणूस, सुईसुद्धा टोचू का विचारून टोचणारा. त्याने स्टोव्हला इतका पंप मारला की ज्वाळेने त्याच्या दोन्ही भुवया नेल्या. तेल पेटलं, ते विझवायला त्याने मूठमूठ वाळू टाकली, ती अंड्यांत गेली. बारा वाजले. बुधवारही बंद.

"उद्याचा भोंगा वाजला की जागा गेली," अक्का रात्री जेवताना म्हणाली. ती डाव्या हाताने जेवत होती आणि घास खांद्यावर सांडत होता. "बावीस वर्षं. मेलं एक अंडं तळायला घरात माणूस नाही."

भुवया नसलेला नवरा खाली बघून जेवत राहिला. पण तो भावाच्या हॉटेलच्या मागच्या दाराला आधीच जाऊन आला होता.

"तिने मला बोलावलंय?" भावाने विचारलं होतं.

"छे! तिला कळलं तर ती मला मारील."

"मग येतो," भाऊ म्हणाला.

गुरुवारी सहाला तो आला, घडी न मोडलेला पांढरा कोट घालून. अक्का प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेली होती, ती नवाला येणार होती. भावाने गाडीकडे पाहिलं, स्टोव्हकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं आणि तोंडाला रुमाल लावला.

"दाजी, हे काय आहे?"

"तवा."

"याच्यावर माणसं खातात?"

"रांग लावून, दादा."

"बावीस वर्षांचा मळ आहे हा!" भाऊ म्हणाला. वीस वर्षं त्याने नव्या, गुळगुळीत, हॉटेलने विकत आणलेल्या भांड्यांत रांधलं होतं. बापाचा तवा तो विसरला होता, बापाचा डाव तेवढा लक्षात होता. त्याने बाह्या सरसावल्या. साबण, तारेची घासणी, विटेचा तुकडा. तीन तास. दाजी शेजारी बादल्या भरभरून देत होता, कारण दाजीला कोणालाच नाही म्हणता येत नसे. शेवटी तवा चांदीसारखा चमकायला लागला. भावाने त्यात आपलं नाक पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. बहिणीला त्याने आयुष्यात पहिल्यांदा काही भेट दिली होती.

नऊ वाजता अक्का आली. आधी तिला भाऊ दिसला, मग तवा.

पहिला फटका प्लास्टरचा होता. त्याने भाऊ गाडीला धडकला. दुसऱ्याने तो बादलीत बसला. तिसरा दाजीने मध्ये पडून स्वतःच्या पाठीवर घेतला. प्लास्टरला कोपरापाशी तडा गेला आणि अक्का वेदनेने पांढरीफटक पडली, पण थांबली नाही.

"घासलास! माझा तवा घासलास!"

"स्वच्छ केला, छकुले!" बादलीतून भाऊ म्हणाला. सबंध जगात रणगाड्याला छकुली म्हणणारा तो एकटाच होता. "घाण होती ती!"

"ती घाण माझी बावीस वर्षं होती! आता त्याच्यावर अंडं सुटेल का? सांग ना, मोठा टोपीवाला! सुटेल?"

भाऊ उठला. कोट ओला, पण मान ताठ. "बाजूला हो. मी तेराशे माणसांची न्याहारी काढतो. एक अंडं मला सुटत नाही?"

नाही सुटलं. उघड्या लोखंडाने पहिलं अंडं असं धरलं जसं काही त्याचं जुनं वैर होतं. भावाने उलथनं घातलं, अंडं मधोमध फाटलं. त्याने ते सरळ बादलीत टाकलं. दुसरं फाटलं, बादलीत. तेल वाढवलं, आच कमी केली, आच जास्त केली. तिसरं, पाचवं, अकरावं. प्रत्येक अंड्यागणिक अक्का त्याच्या नडगीवर एक लाथ घालत होती आणि तो न वळता पुढचं फोडत होता. समोर ड्रायव्हर रांगेत उभे होते. दोन दिवसांचे उपाशी, म्हणजे अक्काच्या अंड्याला उपाशी.

साडेअकरा झाले. रस्त्यापलीकडून सॉसशेठ आपली गाडी ढकलत निघाला. गाल सुजलेला, दोन दात कमी, बरोबर दोन भाचे. येऊन तो खांबापाशी थांबला. त्याच्या गाडीवरचा स्टोव्ह पेटवलेलाच होता.

"काका, घड्याळ बघत राहा," तो वॉचमनला म्हणाला.

"बघतोय," वॉचमनकाका म्हणाले. त्यांना अक्काबद्दल वाईट वाटत होतं, पण घड्याळाला काही वाटत नव्हतं.

लांबरूट पुढे झाला. सोमवारपासून त्याला अपराधी वाटत होतं. "अक्का, फाटलेलं असू दे की! दे तसंच. पोटात जाऊन फाटणारच आहे."

"नाही!" भाऊ आणि बहीण एकाच वेळी ओरडले, एकाच आवाजात, आणि दोघांचेही हात आपोआप पाठीमागे गेले, पेरं लपवायला.

अकरा पन्नास. बादलीत चौतीस अंडी.

तेव्हा सॉसशेठने ती चूक केली. तो गोड बोलायला गेला. भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "साहेब, तुमच्यासारख्या मोठ्या माणसानं इथं कशाला हात काळे करायचे? बहीण तुमची असली तरी शेवटी गटाराच्या काठाला अंडी विकणारी बाई. सोडून द्या. वेळेवर सुटली म्हणा."

भाऊ थबकला. छत्तिसावं अंडं त्याच्या हातात होतं, पस्तिसावं तव्यावर चरचरत होतं. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. अकरा वर्षांपूर्वी ते त्याला फार खानदानी वाटलं होतं. सुजलेल्या तोंडातून ते बाहेर येताना कसं दिसतं, हे त्याने आता पाहिलं.

त्याने हातातलं अंडं सॉसशेठच्या डोळ्यावर फोडलं. मग त्याच मुठीने नाकावर मारलं. मग पुन्हा. तेराशे माणसांची न्याहारी काढणारा हात तो, कणीक तिंबल्यासारखा चालत होता. एक भाचा त्याच्या पाठीवर चढला, त्याला अक्काने केसांना धरून खाली ओढलं आणि त्याच्या छातीवर गुडघा दिला. दुसऱ्याच्या पायात दाजीने, डोळे मिटून आणि "माफ करा हं" म्हणत, स्टूल टाकलं. सॉसशेठ गाडीशी धडपडला, त्याच्या हाताला काचेची मोठी बाटली लागली आणि त्याने ती दोन्ही हातांनी भावाच्या डोक्यात घातली.

बाटली फुटली. भाऊ गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. पांढरा कोट वरपासून खालपर्यंत लाल. त्यात सॉस किती आणि रक्त किती हे कोणालाच कळेना. भाचे पळाले. सॉसशेठ स्वतःच घाबरून खांबाला चिकटला. अक्का भावाजवळ बसली. कपाळावरची कातडी बोटभर उघडली होती आणि आत काहीतरी पांढरं दिसत होतं.

"दादा," ती म्हणाली. हा शब्द अकरा वर्षांनी तिच्या तोंडात आला. "ए दादा. बोल काहीतरी."

भावाचे डोळे मिटलेले. लाल धार गालावरून ओठांवर आली. त्याची जीभ सवयीने बाहेर आली, तिने धार चाखली.

"व्हिनेगर," तो पुटपुटला, "फार आहे."

अक्काने त्याच्या थोबाडीत मारली, पण हलकी.

"अक्का," वॉचमनकाका म्हणाले. "तीन मिनिटं."

तव्यावर पस्तिसावं अंडं तसंच राहिलं होतं. कडा जळलेल्या, मध्यभाग चिकटलेला, वरून धूर. दाजीने जखमेवर फडकं दाबून धरलं होतं. अक्का उठली. तिने डाव्या हातात उलथनं घेतलं. त्या हाताने तिने आजवर माणसांना मारलं होतं, अंडं कधी काढलं नव्हतं. तिने खरवडायला सुरुवात केली. अंड्याचे तुकडे निघाले. चार, सहा, मग नुसता चुरा.

"देऊ नकोस, छकुले!" जमिनीवरून भाऊ ओरडला. फडक्याखालून एकच डोळा दिसत होता. "फाटलंय ते! माणसापुढे ठेवायचं नाही!"

"गप पड."

"बाबा काय म्हणायचे?"

"बाबा मेले!" अक्का किंचाळली. त्या किंचाळीने खांबावरचे कावळे उडाले. "मेले ते, दादा! मी जिवंत आहे आणि मला इथं उभं राहायचंय!"

डाव्या हाताला सवय नव्हती, निम्मा चुरा ब्रेडवर आणि निम्मा गाडीवर पडला. तिने वर दुसरा ब्रेड ठेवला, तळहाताने दाबला, कागदात गुंडाळला आणि लांबरूटच्या पुढे केला, पण त्याच्याकडे न पाहता. त्याने नाणी ठेवली आणि एक घास घेतला.

भोंगा वाजला.

"झाली विक्री," वॉचमनकाका भोंग्याच्या वर आवाज काढून म्हणाले. "शिजलेलं आणि विकलेलं. जागा अक्काची." मग सॉसशेठकडे वळून, "तू तुझ्या बाजूला जा. आणि जाताना काच गोळा कर, टायर फुटतात."

दाजी आणि एक कंडक्टर भावाला उचलून रिक्षात घालत होते. तो अजून मान वळवून तव्याकडे बघत होता आणि दाजीला सांगत होता की आता तेल जाळून थर चढवायला हवेत, निदान चाळीस, तो स्वतः येऊन चढवील, कोणी हात लावू नये. दाजी हो हो म्हणत होता.

लांबरूटने दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. जळक्या कडा त्याच्या दातांखाली कुरकुरत होत्या. त्याने विचारात पडल्यासारखं अक्काकडे पाहिलं.

"अक्का, खरं सांगू का? आपल्या रोजच्यापेक्षा हे..."

"बोललास तर दात पाडीन."

"...हे जास्त चांगलं लागतंय."

फटका बसला. लांबरूट दोन पावलं मागे गेला, कान चोळला आणि खात राहिला. त्याच्या मागचा ड्रायव्हर पुढे सरकला.

"अक्का, मलापण तसलंच. खरवडलेलं."

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. हाताच्या वेदनेचं असेल किंवा अपमानाचं. तिने ते खांद्याला पुसलं, डाव्या हाताने अंडं उचललं आणि त्या चांदीसारख्या चमकणाऱ्या हरामखोर तव्याच्या काठावर आपटलं.